अळूच्या कुळातली झाडं आणि तीन दांडगे मासे

१४ जानेवारी २०२४, रविवार

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने २५० लिटर. वाळू-दगड वजा जाता २२०च्या आसपास पाणी. मासे तीन, तिन्ही सिक्लिड कुळातले. कन्व्हिक्टची जोडी, नर साडेचार इंच आणि मादी तीन. शिवाय एक ग्रीन टेरर नर, सहा इंची. घर भांडुपला, पहिल्या मजल्यावर.

डिसेंबरात घातलेली झाडं संपली. कॅबोंबाच्या सहा काड्या, लुडविजियाच्या पाच, ॲमेझॉन सोर्डची तीन रोपं, सगळी मिळून चौदा. नऊ दिवसांत टाकी पुन्हा बोडकी. दुकानात सांगितलंच होतं की सिक्लिडमध्ये खरी झाडं टिकत नाहीत, प्लास्टिकची लावा. पण झाडं होती त्या पहिल्या दोन दिवसांत टेररचा रंग मी पाहिला आहे. गालावरच्या निळ्या रेघा उजळल्या होत्या आणि तो पानांच्या आड शांत उभा राहत होता. आता परत दिवसभर काचेला नाक लावून वर-खाली, वर-खाली. त्याच्यासाठी हे करायचं आहे.

या वेळी रोज सकाळी पाण्यावर तरंगणारा पाला फेकून दिला नाही. वर्तमानपत्रावर पसरून बघितला. चौदापैकी नऊ झाडं खालच्या टोकासकट अख्खी होती, एका पानालाही धक्का नाही. कॅबोंबाच्या चार काड्यांचा नुसता दांडा उरला होता. एका सोर्डचा मधला कोंब खुडलेला होता. म्हणजे नऊ उपटली, पाच खाल्ली. इतके दिवस मी "मासे झाडं खातात" एवढंच म्हणत होते. खाणं वेगळं आणि उकरणं वेगळं, आणि माझ्याकडे उकरण्याचा त्रास जवळजवळ दुप्पट आहे.

२१ जानेवारी, रविवार

आठवडाभर वाचन. मध्य अमेरिकेतला कन्व्हिक्ट निसर्गातही शेवाळ आणि वनस्पती खातो, त्यामुळे कोवळं पान त्याला खाऊच वाटणार. टेरर इक्वेडोर-पेरूकडचा. त्याला पाल्यात फारसा रस नाही, पण जागा आपली करताना वाटेत येईल ते तो हलवतो. दोघेही वाळू उकरतात. अंडी घालायची, पिल्लं ठेवायची, हद्द आखायची, सगळ्याची सुरुवात खड्ड्यापासून. ही त्यांची खोड नव्हे, घर बांधणं आहे. ते मोडायचं नाही. झाडच असं हवं ज्याला वाळू लागत नाही.

अशी दोन झाडं सगळीकडे सांगितली जातात, अनुबियास आणि जावा फर्न. दोन्हींचं खोड आडवं, गाठीगाठीचं, दगडाला किंवा लाकडाला धरून वाढणारं. अन्न बरंचसं पाण्यातूनच घेतात. खोड वाळूत पुरलं तर उलट कुजतं.

जेवताना मोबाइलवर अनुबियासचा फोटो बघत होते. सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "अगं, हे तर अळूच!"

खरंच आहे. अनुबियास अळूच्याच कुळातलं. आणि न खाण्याचं कारणही तेच निघालं. या कुळातल्या बहुतेक झाडांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. फदफद्यात चिंच कमी पडली की घसा खवखवतो तो यांच्यामुळे. माशाने एकदा चावा घेतला की दुसऱ्यांदा तो विचार करणार. त्यात अनुबियासचं पान चिवट, जवळजवळ चामड्यासारखं. जावा फर्न या कुळातलं नाही, ते नेचं. पण तेही बहुतेक मासे तोंडात घेऊन टाकून देतात.

मग शोधतच गेले. क्रिप्टोकोरिन अळूच्या कुळातलं. बाल्कनीतला मनी प्लांट अळूच्या कुळातला. यादी आपोआप तयार झाली.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी लवकर कुर्ला, स्टेशनजवळचा माशांचा बाजार. लेकाला बरोबर घेतलं. उशीर झाला की झाडं पिशव्यांमध्ये उकडून निघतात.

अनुबियास नाना चार, रुंद पानांचं बार्टेरी एक, जावा फर्नचे तीन गड्डे, क्रिप्टोकोरिन वेंडटी सहा रोपं. अनुबियास घेताना पानांपेक्षा खोड बघावं. अंगठ्याने दाबायचं, ओल्या आल्यासारखं टणक लागलं तर घ्यायचं. एक सुंदर, मोठ्या पानांचं झाड हातात घेतलं तर खोड बोटाखाली दबलं आणि सडक्या बटाट्यासारखा वास आला. ठेवून दिलं. दोन पानं कमी असली तरी चालतील, खोड हवं.

घरी आल्यावर सगळं पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं. मग तुरटीच्या पाण्यात तीन तास, गोगलगायींसाठी. मग दोनदा स्वच्छ धुऊन बादलीत.

४ फेब्रुवारी, रविवार

बांधणीचा दिवस. मासे झाकण लावलेल्या मोठ्या टबात, त्यांचाच फिल्टर लावून. टेररला मधोमध जाळी घालून वेगळं ठेवलं.

दगड गावाकडच्या नदीतले, काळे, गोटीव. व्हिनेगरचे थेंब टाकून बघितले, फेस आला नाही, म्हणजे चुना नाही. घासून, उकळून घेतले. सगळ्यात महत्त्वाचं काम इथे केलं: दगड आधी, वाळू नंतर. तळाच्या काचेवर रबरी मॅटचे तुकडे, त्यावर दगड, आणि मग दगडांच्या भोवती दीड इंच वाळू. मागच्या वेळी दगड वाळूवर ठेवले होते. मादीने खालून पोखरल्यावर एक दगड रात्री घसरला होता आणि काचेपासून दोन बोटं अलीकडे थांबला होता. त्या आवाजाने मी दचकून उठले होते.

झाडं लावायच्या दोन पद्धती करून पाहिल्या. जावा फर्न तंगूसने लाकडाला गुंडाळलं. अनुबियासला जेलवालं फेविक्विक. खोडाची खालची बाजू टिपकागदाने कोरडी करायची, दगडावर वाटाण्याएवढे दोन थेंब, आणि दहापर्यंत आकडे मोजत दाबून धरायचं. गोंद पाण्यात लगेच पांढरा होतो. दिसायला वाईट, पण माशांना अपाय नाही, आणि मुळं वाढली की झाकला जातो. बोटांची कातडी मात्र दोनदा चिकटली.

क्रिप्टोकोरिनला मुळांशी माती-वाळू लागतेच. त्यासाठी मातीच्या तीन छोट्या कुंड्या, प्रत्येकीत दोन रोपं, वरून बोराएवढे खडे.

७ फेब्रुवारी, बुधवार

तीन रात्री झाल्या. गोंदाची पाचही अनुबियास जागच्या जागी. तंगूसचं एक जावा फर्न सुटलं. टेरर दोऱ्याच्या टोकाला धरून ओढतो, मी डोळ्यांनी पाहिलं. टोक मोकळं सोडलं ही चूक. टोकं कापून गाठीवर गोंदाचा थेंब दिला. कुंड्यांतले खडे मादीने एकेक करून बाहेर आणून ठेवले आहेत, सगळे एकाच बाजूला. लिंबाएवढे दगड घालते.

१८ फेब्रुवारी, रविवार

कन्व्हिक्टने अंडी घातली. मधल्या दगडाच्या खालच्या अंगाला, बार्टेरीच्या बरोबर खाली.

काल संध्याकाळी खुर्ची टाकून बसले होते. मादीचं पोट शेंदरी दिसत होतं. ती दगडाखाली शिरते, तोंडभर वाळू घेते, गाल फुगतात, मग वीतभर लांब जाऊन थुंकते. पुन्हा आत. मी मोजायला सुरुवात केली आणि वीस मिनिटांत त्रेचाळीस खेपा झाल्या. नर तोवर टाकीभर राखण करत होता. रात्री जेवणं होईपर्यंत दगडाखाली तळाची काच उघडी पडली होती आणि समोर वाळूचा उंचवटा झाला होता. दगड हलला नाही. झाड हललं नाही. एकही पान तरंगलं नाही. डिसेंबरातलं तेच उकरणं, तीच मादी, पण या वेळी तिच्या कामात आडवं येणारं काही नव्हतं.

वाईट एवढंच की टेररच्या शेपटीचा पर फाटला. अंडी असताना जोडी दुप्पट आकाराच्या माशालाही कोपऱ्यात दाबून ठेवते. लाइटच्या पट्टीची प्लास्टिक जाळी मापात कापून टाकीत आडवी लावली, एक तृतीयांश भाग त्याला दिला. तिकडे जावा फर्नचं लाकड आहे. तो त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पाणी २७ अंश, म्हणजे तीनेक दिवसांत अंडी फुटतील, पिल्लं पोहायला लागायला त्यापुढे चार-पाच दिवस.

३ मार्च, रविवार

अनुबियासच्या पानांच्या कडांना काळं, दाढीच्या खुंटासारखं शेवाळ. दोष माझा. झाडं आहेत म्हणून दिवा दहा तास ठेवत होते. अनुबियास महिन्याला जेमतेम एखादं पान काढतं. इतका उजेड त्याला वापरता येत नाही, तो शेवाळाच्या कामी येतो. दिवा सहा तासांवर आणला. दोन नाना लाकडाच्या सावलीत हलवले. फार माखलेली तीन पानं देठाशी कापली.

नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार, तपासलं, ४०च्या वर. पिल्लांसाठी खाणं वाढलं आहे, त्याचा परिणाम.

जावा फर्नच्या जुन्या पानांवर भोकं दिसतात. आधी वाटलं मासे चावले. भिंग घेऊन बसले. चाव्याची खूण कडेला असते, अर्धगोल, फाटलेली. ही भोकं पानाच्या मधल्या भागात, टाचणीने टोचल्यासारखी, भोवती पिवळट कडं. हा पोटॅशियमचा तुटवडा. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर मिळतं, पोटॅशियम त्या मानाने कमी. आठवड्यातून एकदा द्रव पोटॅशियम, बाटलीवर लिहिल्याच्या निम्मं. नवी पानं कशी येतात त्यावरून ठरेल.

१७ मार्च, रविवार

सासूबाईंच्या बाल्कनीतल्या मनी प्लांटच्या पाच फांद्या. "पाण्यातच लावायच्यात ना? मग पेराच्या खाली काप, पेर पाण्यात गेलं पाहिजे," असं त्यांनी शेजारी उभं राहून करवून घेतलं. आधी आठवडाभर बाटलीत मुळं फुटू दिली होती. पानं टाकीच्या वर, मुळं पाण्यात. पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत असल्याने हे झाड पाण्यातल्या झाडांपेक्षा किती तरी वेगाने वाढतं आणि तेवढ्याच वेगाने नायट्रेट ओढतं.

पहिल्याच दिवशी टेररने दोन फांद्यांची मुळं ओढून तोडली. आता फांद्या मागे लटकणाऱ्या फिल्टरच्या खोक्यात. मासे तिथे पोचत नाहीत आणि पाणी सतत मुळांवरून जातं.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

फिल्टर धुतला. पानं मोजली. पाच अनुबियासना मिळून सात नवी पानं. चार शाबूत. तीन कोवळी असताना कुरतडलेली आहेत. पान पहिले आठ-दहा दिवस मऊ आणि पोपटी असतं, तेवढ्यात कन्व्हिक्ट चाखून बघतो. एकदा ते गडद आणि कडक झालं की सोडून देतो. म्हणून संध्याकाळच्या खाण्यात पालक आणि वाटाणा सुरू केला, उकडून, साल काढून. फरक पडतो असं दिसतंय.

२८ एप्रिल, रविवार

दुपारी पाणी ३१.५ अंश. झाकणाऐवजी जाळी आणि तिच्यावरून छोटा पंखा. बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात, रोज पाच-सहा लिटर पाणी वर घालावं लागतं.

क्रिप्टोकोरिन वितळलं. दुसरा शब्द नाही. चार दिवसांत सहाही रोपांची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली आणि हाताला बुळबुळीत लागली. कुंड्या रिकाम्या दिसतात. मला रडू आलं, लपवत नाही. एक रोप हळूच चाचपलं, मुळं पांढरी आणि घट्ट आहेत. सडका पाला काढला. कुंड्या तशाच ठेवते.

१९ मे, रविवार

चार दिवस सिंधुदुर्गात गावी. मागच्या ओढ्याला पाणी नव्हतं, नुसती ओल. त्या चिखलात लांबट पानांचं एक झाड, मधून पिळलेलं, स्क्रूसारखं फूल वर आलेलं. क्रिप्टोकोरिनच! कोकणातल्या ओढ्यांत याच्या जाती आपसूक वाढतात हे वाचलं होतं, पण लहानपणापासून ज्या ओढ्यात पाय बुडवले तिथेच ते होतं हे आत्ता कळलं. उन्हाळ्यात उघड्यावर, फुलत. पावसात पाण्याखाली. दर वर्षी परिस्थिती पालटणार हे त्याला ठाऊक आहे, म्हणून जीव मुळांत ठेवतं आणि पानांवर पाणी सोडतं. उपटलं नाही. फोटोही काठावरूनच घेतला.

घरी आल्याबरोबर कुंड्या बघितल्या. सहापैकी चार रोपांना तपकिरी कोंब.

९ जून, रविवार

३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात. आमच्याकडे सकाळचं पाणी लवकर जातं. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलत होते, म्हणजे सत्तरेक लिटर. माणसांना पाणी पुरवून वापरायचं आणि माशांना सत्तर लिटर द्यायचं, हे घरात बोलून दाखवणंही कठीण. पंधरा टक्क्यांवर आणलं. निघालेलं पाणी सगळं बाल्कनीतल्या झाडांना. त्यात खतच असतं.

नायट्रेट वाढेल या धाकाने तीन दिवसांआड तपासलं. २०, २०, २५. मनी प्लांटची मुळं फिल्टरच्या खोक्यात गच्च भरली आहेत, पांढऱ्या शेवयांसारखी. मार्चमध्ये पाणी दुप्पट बदलूनही ४० होतं.

२१ जुलै, रविवार

काल तुळशी तलाव भरून वाहू लागला. जीव भांड्यात पडला.

जावा फर्नच्या जुन्या पानांच्या मागे काळ्या ठिपक्यांच्या ओळी. हा रोग नाही, बीजाणूंच्या पुळ्या आहेत. तीन पानांच्या टोकांना नखाएवढी रोपं लटकत आहेत, मुळांसकट. सोळा मोजली. नवी पानं अखंड, टाचणीची भोकं नाहीत; पोटॅशियम बरोबर लागू पडलं.

कन्व्हिक्टची तिसरी वीण. पहिल्या दोन विणीतली पिल्लं कुर्ल्याच्या एका दुकानाने घेतली. शेजारचे काका म्हणाले, पवई तलावात सोडून द्या, तेही जगतील. ते जगतील हाच धोका आहे, असं त्यांना सांगितलं. इथला नसलेला, पिल्लांसाठी दुप्पट माशाला हुसकावणारा मासा तिथल्या माशांचं काय करेल ते मी रोज काचेतून बघते. कापलेला पालाही नाल्यात जाऊ देत नाही, वाळवून कचऱ्यात टाकते. जलपर्णीने पवईचं काय केलं ते समोरच आहे. यापुढे अंडी दिसली की काढायची असं ठरवलं आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

व्हॅलिस्नेरियाबद्दल एकदाच लिहून ठेवते. एप्रिलमध्ये आणलं होतं, दहा रोपं. वाळूत लावलेली सहा तीन दिवसांत उपटली गेली. कुंडीत दगडांच्या फटीत बसवलेली चार टिकली, पण वाढेनात. गिरगावातल्या मैत्रिणीकडे आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे मासे आहेत, पालाखाऊ आणि भांडखोर. तरी तिच्याकडे व्हॅलचं रान माजलं आहे. उलगडा पाण्यात होता. व्हॅल पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतं, म्हणून जड पाण्यात जोमाने वाढतं, आणि मालावीच्या माशांसाठी तिला पाणी जड ठेवावंच लागतं. रान एवढ्या वेगाने वाढतं की मासे खाऊन खाऊन थकतात. आपल्या नळाचं पाणी तलावांतलं, पावसाचं, हलकं. माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ८५.

मे अखेरीस तिसऱ्यांची मूठभर शिंपलं उकळून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवली. शिंपल्यातला चुना हळूहळू विरघळतो. टीडीएस आता १४०. माझ्या तिन्ही माशांना ते मानवतं. चार रोपांची अकरा झाली आहेत, सगळी कुंडीतच. कुंडीबाहेर आलेला धावरा (आडवा पसरणारा कोंब) मादी दुसऱ्या दिवशी तोडते. तिची हद्द तिथून सुरू होते.

१ सप्टेंबर, रविवार

मोजणी. अनुबियास पाच लावली, पाच आहेत. बार्टेरीची मुळं दगडाला कवळून खाली वाळूपर्यंत पोचली आहेत आणि गोंद कुठे होता ते दिसत नाही. जावा फर्न तीन गड्डे, शिवाय सोळा पिल्लं. क्रिप्टोकोरिन सहापैकी चार. व्हॅल अकरा.

महिनाभरापूर्वी मधली जाळी काढली. टेररचा पर भरून आला आहे, नवा भाग थोडा फिकट. दुपारी तो बार्टेरीच्या मोठ्या पानाखाली असतो, पोट दगडाला जवळजवळ टेकलेलं, फक्त कल्ल्यांची उघडझाप. नर कन्व्हिक्ट समोरून जातो. मध्ये पान असल्यामुळे दोघांची नजर भिडत नाही.

मादीने आज पुन्हा मधल्या दगडाखाली उकरायला घेतलं. सकाळपासून उंचवटा चार बोटं झाला. मैत्रिणीसाठी जावा फर्नची आठ पिल्लं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवली आहेत, उद्या लोकलने गिरगावला.